भिंत कोणत्या वंशाची?

बोंडातून वेचलेल्या कापसाचा एकेक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबलचक पेशी. बोंड उकलते तोवर त्या पेशीतला जीव संपलेला असतो; मागे उरते ती तिची भिंत, जवळजवळ निव्वळ सेल्युलोजची. अकोल्याच्या जिनिंगमध्ये ज्याच्या गाठी बांधल्या जातात ते सारे पेशीभित्तिकांचेच ढीग. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या खोडातून डिंक पाझरायला लावणारा जो सूक्ष्मजीव आहे, त्याच्या भिंतीतही हेच सेल्युलोज सापडते. तुरीला मर लावणाऱ्या बुरशीची भिंत मात्र वेगळी. तिच्यात कायटिन असते, म्हणजे खेकड्याच्या कवचात असते तेच द्रव्य. या तिन्ही गोष्टी एकाच काळ्या मातीत घडतात. त्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या तर एक निष्कर्ष टाळता येत नाही: पेशीभित्तिका ही एका आद्य पूर्वजाने सर्वांना वाटून दिलेली ठेव नव्हे. निरनिराळ्या वंशांनी ती निरनिराळ्या काळी, हाताशी असलेल्या द्रव्यांतून उभी केली. कोणत्या रोगावर कोणते औषध चालेल, हेही बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरते.

भिंतीची गरज सर्वांना सारखीच पडली. पेशीच्या आत क्षार, साखरा, प्रथिने दाटीने असतात. बाहेर गोडे पाणी असले की ते आत शिरू पाहते आणि पातळ पटल ताणून फुटण्याची वेळ येते. जिवाणूंनी यावर पेप्टिडोग्लायकनची जाळी विणली: साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे तुकडे. १८८४ साली हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी जिवाणू रंगवण्याची जी रीत शोधली, तिने जिवाणूंचे दोन गट पडले. त्यामागचे मुख्य कारण ही जाळी जाड की पातळ हेच होते, हे पुढे उलगडले. पेनिसिलिन ही जाळी सांधणाऱ्या विकरालाच अडकवते. आपल्या पेशींना अशी जाळीच नसल्याने ते जिवाणूला मारते आणि रोग्याला वाचवते. शत्रूच्या भिंतीचे द्रव्य नेमके ओळखण्याचे मोल यात दिसते.

संत्र्याच्या डिंक्या रोगात ही ओळख फार काळ चुकत आली. त्याला कारण होणाऱ्या फायटोप्थोराला जुन्या पुस्तकांनी बुरशी म्हटले, आणि बोलीत तो आजही बुरशीच आहे. त्याचे बुरशीसारखे धागे पाहता यात नवल नाही. जहांगीर फर्दुनजी दस्तूर यांनी १९१३ मध्ये एरंडीवरील रोगाचा अभ्यास करून फायटोप्थोरा पॅरासिटिका ही जात नोंदवली. विदर्भातल्या बागा पोखरणारी हीच एक प्रमुख जात. पण या जिवाची भिंत ग्लुकान आणि सेल्युलोजची आहे, कायटिन तिच्यात नावापुरतेच. जनुकांच्या तुलनेतून कळते की त्याचे जवळचे नातलग समुद्रातली तपकिरी शेवाळे आणि डायटम आहेत. खऱ्या बुरशीशी त्याचे नाते फार दूरचे. म्हणूनच बुरशीवर हुकमी ठरणारे कार्बेन्डाझिम त्याच्यावर चालत नाही, आणि बुरशीतल्या एर्गोस्टेरॉलची घडण थांबवणारी औषधेही वाया जातात, कारण तो ते तयारच करीत नाही. त्याच्यासाठी मेटॅलॅक्झिल, फोसेटिल ॲल्युमिनियम अशी वेगळी औषधे लागतात. द्राक्षावरचा केवडाही याच कुळातला. तिथे वापरले जाणारे मॅन्डिप्रोपॅमिड तर थेट सेल्युलोज विणणाऱ्या विकरावरच घाव घालते. याहून महत्त्वाचे म्हणजे, या जिवाच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की त्याला भिंतच नसते. पाणी साचले की तो दोन शेपट्यांचे पोहणारे बीजाणू सोडतो. हे बीजाणू उघडेच असतात आणि आत शिरणारे पाणी सतत बाहेर फेकून जिवंत राहतात. मुळाशी पोचताच ते शेपट्या टाकतात आणि काही मिनिटांत स्वतःभोवती भिंत उभारतात. भारी जमिनीत पाणी तुंबले की डिंक्या का बळावतो, कलमाचा डोळा जमिनीपासून उंच का ठेवायचा, आणि दुहेरी आळे करून ओलित खोडापासून दूर का ठेवायचे, याचे उत्तर या उघड्या बीजाणूच्या पोहण्यात आहे. शेतकऱ्याला हा सल्ला नुसता नियम म्हणून दिला जातो. त्याच्यामागचे कारण सांगितले तर तो जास्त निष्ठेने पाळला जाईल, असे मला वाटते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. खोडाला तांब्याचे बोर्डो मलम लावले तर ते बुरशी आणि फायटोप्थोरा या दोघांवरही चालते. ट्रायकोडर्मा हा मित्रबुरशीचा प्रकार तुरीच्या बियाण्याला चोळतात तसाच संत्र्याच्या आळ्यातही टाकतात. मग भिंतीचा भेद शेतकऱ्याच्या काय कामाचा? तांब्याची गोष्ट खरी आहे. तांबे पेशीतल्या अनेक विकरांना एकदम निकामी करते, त्याला भिंतीशी देणेघेणे नाही. पण म्हणूनच ते साली-पानांच्या बाहेरच वापरता येते; झाडाच्या आत शिरलेल्या रोगापर्यंत त्याचा हात पोचत नाही. ट्रायकोडर्माचे उदाहरण तर उलट माझ्याच बाजूने बोलते. तुरीची मर ज्या फ्युझेरियम उडममुळे होते, त्याचे वर्णन बटलर यांनी १९१० मध्ये केले. त्याच्या कायटिनच्या भिंतीवर ट्रायकोडर्मा कायटिनेज हे विकर सोडतो. फायटोप्थोरापुढे ते फारसे कामाचे नाही. तिथे त्याची ग्लुकानेज आणि सेल्युलेज ही विकरे लागतात. अन्न, जागा यांसाठीची स्पर्धा आणि इतर विषारी द्रव्ये ही त्याची आणखी हत्यारे आहेतच. पण त्याच्याजवळ दोन्ही भिंतींसाठी वेगवेगळी विकरे आहेत, एकच विकर दोन्हीकडे चालत नाही, हे विसरून चालणार नाही. या कुळातल्या ट्रायकोडर्मा रीझीची सेल्युलोज पचवण्याची ताकद ध्यानात आली तीही दुसऱ्या महायुद्धात, सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले तेव्हा. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ मरीसाठी ट्रायकोडर्माच्या बीजप्रक्रियेची शिफारस करते, तिच्यामागे हे रसायन आहे.

वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, या सर्वांहून निराळी भिंत आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग हॅलोआर्किया या लवणप्रिय जिवांचा असल्याचे सांगितले. पाणी आटून खारेपणा वाढल्याने ते माजले होते. आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा वंश असल्याचे कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये दाखवले. हॅलोआर्कियांपैकी बहुतेकांना पेप्टिडोग्लायकन नसते, कायटिन नसते, सेल्युलोजही नसते. पटलाबाहेर साखरा जोडलेल्या प्रथिनांचा एकेरी थर असतो आणि तोही पाण्यातल्या क्षारांच्या आधाराने उभा राहतो. पाण्यातले मीठ फार कमी झाले की थर ढिला पडतो, पेशीचा आकार बिघडतो आणि ती फुटते. हे जीव बाहेरच्या खारेपणाच्या तोडीचे पोटॅशियम क्लोराइड पेशीत साठवतात, त्यामुळे आतबाहेरच्या दाबात फारसा फरक राहत नाही आणि मजबूत भिंतीची गरजच कमी होते.

तरी कोणी म्हणेल, प्रथिनांचा असा थर कित्येक जिवाणूंवरही आढळतो. शिवाय गायीच्या पोटात आणि गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणाऱ्या काही आर्कियांची भिंत पेप्टिडोग्लायकनसारखीच दिसते, मग मूळ एकच का नसावे? या दुसऱ्या भिंतीला स्यूडोम्युरीन म्हणतात. तिच्यातली एक साखर वेगळी आहे, साखळीचा सांधा वेगळा आहे, आणि जिवाणूंच्या भिंतीचे खास वैशिष्ट्य असलेली डी-रूपातली अमिनो आम्ले तिच्यात नाहीत. जिवाणूंची जाळी कापणारे लायसोझाइम हे विकर तिला कापू शकत नाही, पेनिसिलिन तिला अडवू शकत नाही. ती जोडणारी काही विकरे मात्र जिवाणूंच्या विकरांच्या नात्यातली निघाली आहेत, आणि हा मुद्दा मी हलका मानीत नाही. पण त्यातून सिद्ध होते ते इतकेच की काही हत्यारे एका वंशाकडून दुसऱ्याकडे गेली असावीत. ती भिंत आद्य पूर्वजाकडून आली असती तर आर्कियांच्या एखाददुसऱ्या शाखेपुरती न उरता सर्वत्र दिसली असती. प्रथिनांचे थर तर रचनेने सारखे असूनही त्यांतली प्रथिने एकमेकांशी इतकी विजोड आहेत की एकाच मुळापासून आल्याचा माग लागत नाही.

आणि एकदा कमावलेली भिंत गमावताही येते. वांग्याची पाने बारीक होऊन झुपके बनवणारा पर्णगुच्छ रोग फायटोप्लाझ्मामुळे होतो. हे जिवाणूच, पण त्यांच्या पूर्वजांची भिंत त्यांनी टाकून दिली. वांग्याच्या अन्नवाहिन्यांतल्या दाट रसात किंवा तुडतुड्यांच्या शरीरात राहणाऱ्या जिवाला गोड्या पाण्याची भीती उरली नाही. त्यांच्यावर पेनिसिलिनचा काहीच परिणाम होत नाही, कारण अडवायला जाळीच नाही. टेट्रासायक्लिन मात्र परिणाम करते, कारण ते पेशीतली प्रथिननिर्मिती थांबवते. तेही लक्षणे काही काळ दबवण्यापुरतेच, म्हणून शेतात करायचे ते काम दुसरेच असते: तुडतुड्यांचा बंदोबस्त करायचा आणि रोगट झाड दिसताच उपटून टाकायचे.