मुंबईचे एडन, लंडनचे एडन

वासुदेव बळवंत फडके १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात वारले, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण एडनच का, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पुण्यात खटला चालला, जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, मग अंदमान सोडून अरबस्तानच्या टोकावरचा हा उघडाबोडका खडक कुठून आला? हे समजून घ्यायचे तर त्या काळचा कारभाराचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. १८८० साली एडन मुंबई इलाख्यात मोडत होते. जसे ठाणे, जसे धारवाड, जसे कराची, तसेच एडन. मुंबई सरकारला आपला कैदी समुद्रापार धाडायचा होता, आणि समुद्रापारही त्याच सरकारचा एक तुरुंग होता. कोठडीचे दार निखळवून फडके तिथून एकदा निसटले आणि पुन्हा पकडले गेले. ज्या मुलखात ते पळाले तो अरबांचा होता, पण त्यांच्या पहाऱ्याचा अहवाल जायचा तो मुंबईला.

तब्बल ९३ वर्षे हे बंदर मुंबईच्या कारभारात होते. मुंबईकडून ते दिल्लीकडे गेले आणि दिल्लीकडून लंडनकडे. ही सगळी उलाढाल १९१७ ते १९३७ या वीस वर्षांतली. आपल्या इलाख्याचा एक तुकडा असा हातातून गेला, तरी मराठीत त्याची नोंद जवळजवळ नाही. मला ही उणीव फार खटकते, म्हणून हा लेख.

एडन मुंबईच्या पदरात पडले ते कोळशामुळे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझला निघाली. इंग्लंडची टपाल केप ऑफ गुड होपला वळसा न घालता तांबड्या समुद्रातून नेता येते का, याची ती परीक्षा होती. जागा मिळेल तिथे कोळसा कोंबून निघालेली ही बोट एडनला पोहोचली तेव्हा साठा संपत आला होता. पुढचा कोळसा तिथे आधीच आणून ठेवला होता, पण तो चढवायला माणसे मिळेनात आणि दिवसच्या दिवस गेले. आगबोटींचा रस्ता चालवायचा तर मध्ये आपला कोळसा, आपली माणसे आणि आपला धक्का हवा, हा धडा मुंबई सरकार त्या प्रवासात शिकले.

निमित्तही लवकरच मिळाले. १८३७च्या जानेवारीत ब्रिटिश निशाण लावलेले ‘दर्या दौलत’ हे हिंदी जहाज एडनजवळ फुटले, लुटले गेले, उतारूंचे हाल झाले. भरपाई मागायला मुंबईने हिंदी नौदलाचा कॅप्टन स्टॅफर्ड हेन्स याला पाठवले. बोलणी लुटीच्या भरपाईवरून थेट बंदराच्या विक्रीवर गेली. वर्षाला ८,७०० मारिया थेरेसा डॉलर द्यायचे आणि बंदर घ्यायचे, असा सौदा, एडन ज्याच्या ताब्यात होते त्या लाहेजच्या सुलतानाशी ठरल्याचे इंग्रज सांगत. पुढे तो फिसकटला, आणि १९ जानेवारी १८३९ रोजी युद्धनौकांनी तोफा डागून, मुंबईची पलटण उतरवून एडन घेतले. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातला हा पहिला नवा मुलूख. तेव्हा गावात जेमतेम सहाशे माणसे उरली होती.

हेन्स तिथे पोलिटिकल एजंट म्हणून पंधरा वर्षे राहिला. त्याची कथा जरा सविस्तर सांगायला हवी, कारण दूरच्या सरकारने बंदर चालवणे म्हणजे काय, हे तिच्यात स्वच्छ दिसते. तोच किल्ला दुरुस्त करी, तोच आसपासच्या टोळ्यांना तनखे वाटी, तोच न्यायनिवाडा करी आणि तोच खजिनाही सांभाळी. हाताखाली पुरेशी माणसे द्या, ही त्याची मागणी मुंबईने मानली नाही. १८५४ साली हिशेब तपासले तेव्हा सुमारे २८ हजार पौंडांची तूट निघाली. मुंबईत त्याच्यावर अफरातफरीचे खटले झाले. ज्यूरीने दोनदा निर्दोष सोडले, तरीही सरकारी येणे फेडले नाही म्हणून त्याला तुरुंगात डांबले. सुमारे सहा वर्षे तो मुंबईच्या कोठडीत होता. १८६०च्या जूनमध्ये सुटका झाली आणि काही दिवसांतच मुंबई बंदरातल्या जहाजावर तो मेला. एडन घेणारा माणूस मुंबईत कर्जबुडव्या कैदी म्हणून झिजला आणि एडनमध्ये फडके राजकैदी म्हणून. दोघांच्या किल्ल्या एकाच सरकारच्या हाती होत्या.

या काळात एडन किती मुंबईचे झाले होते! रस्ते आणि तटबंदीच्या कामासाठी मुंबईहून कैदी नेले. नाणे रुपया, टपाल हिंदी, कायदे हिंदी. १८६४च्या कायद्याने तिथले न्यायदान मुंबई उच्च न्यायालयाशी जोडले. १८५० साली बंदर जकातमुक्त केले, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि व्यापार भराभर वाढला. मुंबईच्याच १८८८च्या कायद्याने बंदराला पोर्ट ट्रस्ट मिळाला. कावसजी दिनशा या पारशी पेढीने जहाजांना माल पुरवण्यापासून दलालीपर्यंत इतके पसरून काम केले की घराण्याचे आडनावच एडनवाला पडले. शिरगणतीतही एडनची माणसे मुंबई इलाख्यातच मोजली जात.

मोडतोड सुरू झाली ती पहिल्या महायुद्धात. १९१५च्या जुलैमध्ये तुर्की फौज लाहेज घेऊन एडनच्या वेशीपर्यंत आली आणि युद्धतहकुबीपर्यंत लाहेजमध्येच ठाण मांडून बसली. अरबस्तानचे राजकारण मुंबईच्या सचिवालयातून चालवणे लंडनला नकोसे झाले. १९१७ साली एडनच्या पाठीमागच्या संरक्षित मुलखाचे राजकारण परराष्ट्र खात्याकडे गेले, १९२१ मध्ये ते वसाहत खात्याने उचलले. बंदर आणि वस्ती तेवढी मुंबईकडे राहिली. म्हणजे रेसिडेंट या एकाच ब्रिटिश कारभाऱ्याने शेख-सुलतानांविषयी लंडनला लिहायचे आणि नळ, गटारे, पोलीस यांविषयी मुंबईला!

१९२७ साली लष्करी जबाबदारीही लंडनने घेतली आणि संरक्षण पायदळाकडून विमानदलाकडे गेले. पण बिल? पहिली तीन वर्षे हिंदुस्थानने दरसाल अडीच लाख पौंड द्यायचे, त्यानंतर एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा, मात्र दीड लाख पौंडांच्या वर नाही. रुपयाला अठरा पेन्स या दराने हे दीड लाख पौंड म्हणजे वीस लाख रुपये. सत्ता लंडनची आणि वर्गणी आपली, ही व्यवस्था कोणत्या न्यायात बसते हे मला आजही उमगत नाही. हिंदी खजिन्याने १८३९ पासून पोसलेले बंदर हिंदी प्रतिनिधींना न विचारता कसे देता, असे त्या दशकात मध्यवर्ती कायदेमंडळात पुन्हा पुन्हा विचारले गेले. आश्वासने मिळत राहिली आणि हस्तांतर पुढे सरकत राहिले.

१९३१च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेला जाताना गांधीजींची बोट एडनला थांबली. तिथल्या हिंदी आणि अरब रहिवाशांनी सत्कार ठरवला. राष्ट्रीय ध्वज लावू द्यायला रेसिडेंट आधी तयार नव्हता. ध्वज नसेल तर सत्कार घेणार नाही, ही गांधीजींची भूमिका पाहून परवानगी मिळाली. मुंबई इलाख्याचाच भाग असलेल्या गावात काँग्रेसचे वारे पोहोचले होते, हे लंडनच्या नजरेतून सुटले असेल असे मला वाटत नाही.

१ एप्रिल १९३२ रोजी एडन मुंबईकडून काढून चीफ कमिशनरचा प्रांत म्हणून थेट हिंदुस्थान सरकारकडे दिले. हे मधले ठाणे होते. हिंदी प्रांतांत निवडून आलेले मंत्री येणार, हे तोवर ठरत आले होते. सुएझच्या वाटेवरचे आरमारी बंदर मुंबईच्या किंवा दिल्लीच्या मंत्र्यांच्या हाती जाऊ द्यायचे नाही, हा सगळ्या खटाटोपाचा गाभा. बाकीची कारणे त्यावर चढवलेली. १९३५च्या हिंदुस्थान सरकार कायद्यात कलम २८८ आले : ठरेल त्या तारखेपासून एडन ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग राहणार नाही.

एडनचे आणि मुंबईचे हिंदी व्यापारी धास्तावले. आफ्रिकेतल्या ब्रिटिश वसाहतींत हिंदी माणसाला कशी वागणूक मिळते, हे ते पाहत होते. त्यांना शांत करण्यासाठी अटींची यादी पुढे आली. अपिले मुंबई उच्च न्यायालयातच चालतील. परिस्थिती मुळातून बदलल्याशिवाय जकातमुक्ती काढणार नाही. गरजेवाचून नवे कर बसवणार नाही. वंशभेदाचे कायदे होणार नाहीत. काही हिंदी अधिकारी काही वर्षे कायम राहतील. शिवाय हिंदुस्थानचे वीस लाख वाचतील, हे गाजर होतेच. ही यादी वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. तिच्यात व्यापारी आहे, पक्षकार आहे, करदाता आहे. एडनच्या धक्क्यावर कोळसा वाहणारा अरब आणि सोमाली हमाल कुठेच नाही. आपल्या पुढाऱ्यांचा मुद्दा रास्त होता, पण तो मालकीचा मुद्दा होता. ज्यांचे गाव, त्यांना ना लंडनने विचारले, ना आपण.

प्रत्यक्ष हस्तांतर झाले १ एप्रिल १९३७ रोजी. त्याच दिवशी ब्रह्मदेश हिंदुस्थानातून वेगळा झाला, आणि मुंबईत प्रांतिक स्वायत्ततेचे पहिले मंत्रिमंडळ धनजीशा कूपर यांच्या नेतृत्वाखाली अधिकारावर आले. मुंबईत मंत्री आले त्याच तारखेला एडन मंत्र्यांच्या आवाक्याबाहेर गेले.

एडनमध्ये त्या दिवशी काय बदलले? गव्हर्नर नवा, माणूस जुनाच. सर बर्नार्ड रायली १९३१ पासून रेसिडेंट होते, १९३२ मध्ये चीफ कमिशनर झाले आणि आता गव्हर्नर. टपाल कचेरीत हिंदी तिकिटे बंद होऊन एडनची पहिली स्वतःची तिकिटे विक्रीला आली. त्यांवर शिडाचे अरबी गलबत आणि एडनचे नाव आहे. पण किंमत पाहावी : अर्धा आणा, नऊ पै, एक आणा, असे करत दहा रुपयांपर्यंत बारा तिकिटे. साम्राज्याची नवी वसाहत आपली ओळख आण्या-पैत छापत होती, कारण बाजारातले नाणे रुपयाच होते. रुपया तिथे १९५१ पर्यंत चालला, मग पूर्व आफ्रिकेचे शिलिंग आले. हिंदी माणसांची येजाही थांबली नाही. धीरूभाई अंबानींनी बेसी कंपनीत नोकरी केली ती याच बंदरात, हस्तांतरानंतर दशकभराने आणि पुढे.

स्थानिकांना मात्र विधिमंडळ मिळायला १९४७ उजाडले, आणि त्यात निवडून आलेले सभासद दिसले ते १९५५ मध्ये. त्यानंतरचा इतिहास बंडाचा आणि रक्ताचा आहे. ३० नोव्हेंबर १९६७ रोजी ब्रिटिश निघून गेले. त्याच वर्षी सुएझ बंद पडल्याने बंदर ओस पडले होते. मालमत्ता सरकारजमा होऊ लागल्या तशी हिंदी कुटुंबे परतू लागली.

पारशांची अडचण वेगळी होती. एडनवाला घराण्याने बांधलेल्या अग्यारीत १८८३ पासून, म्हणजे फडके गेले त्याच वर्षापासून, पवित्र अग्नी तेवत होता. दुकान विकता येते, अग्नी विझवता येत नाही आणि कुणाच्या हवालीही करता येत नाही. भारत सरकारने दक्षिण येमेनच्या सरकारशी बोलणी केली. १९७६च्या नोव्हेंबरमध्ये एअर इंडियाच्या खास विमानाने, पारशी कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली, तो अग्नी मुंबईला आला आणि तिथून लोणावळ्याच्या अग्यारीत प्रतिष्ठित झाला. एडनच्या साऱ्या हस्तांतरांत एवढे एकच असे, की ज्यांची वस्तू होती त्यांनीच ते मागितले आणि दोन्ही सरकारांनी त्यांचे ऐकले.