सिरफिड माशीची नवी जाती कशी ठरते

सिरफिड माशी फुलासमोर हवेत जागच्या जागी थांबते, पापणी लवायच्या आत बाजूला सरकते आणि पुन्हा नेमकी त्याच जागी येते. अंगावरच्या पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे ती गांधीलमाशी किंवा मधमाशी वाटते आणि पाहणारा हात मागे घेतो. प्रत्यक्षात तिला नांगी नसते. गांधीलमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, सिरफिडला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी उडताना तोल सांभाळणारे दोन बारीक दांडे तेवढे उरलेले असतात. कुळाची पक्की खूण मात्र पंखावर सापडते. पंखाच्या मधोमध, दोन खऱ्या शिरांच्या दरम्यान, एक पुसट रेघ असते. ती कोणत्याच शिरेला धड जोडलेली नसते, म्हणून तिला खोटी शीर म्हणतात. या सिर्फिडी कुळातील सहा हजारांहून अधिक जाती जगात ज्ञात आहेत. भारतातील नोंदी साडेतीनशेच्या घरात आहेत, आणि त्यात अजून भर पडते आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात या माश्यांना राहायला दोन अगदी वेगळे प्रदेश मिळतात. पश्चिमेला अकोले तालुका. तिथे १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाईचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचे पाणलोट क्षेत्र आणि धो-धो पाऊस. १९८६ साली घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य याच पट्ट्यात येते. पूर्वेला आणि दक्षिणेला पाथर्डी, कर्जत, जामखेड हा पर्जन्यछायेतला, रब्बी ज्वारीचा आणि करडईचा मुलूख. दोन्हींच्या मधे प्रवरा आणि मुळेच्या कालव्यांवर पोसलेला उसाचा पट्टा आहे. एकाच जिल्ह्यात इतका फरक असला की कीटकांच्या जातीही बदलत जातात.

रब्बी ज्वारीवर माव्याचा चिकटा पडला किंवा करडईच्या शेंड्यांवर काळा मावा चढला की इश्चिओडॉन स्कुटेलॅरिस ही सिरफिड तिथे हजर होते. मादी माव्याच्या थव्यालगत तांदळाच्या कणीएवढेही नसलेले पांढरे, लांबट अंडे घालते. त्यातून निघणारी अळी बिनपायांची, पुढे निमुळती, हिरवट आणि अर्धपारदर्शक असते. तिला डोळे नाहीत. ती डोके डावीकडे-उजवीकडे हलवत चाचपडते, मावा लागला की तोंडातील आकड्यांनी पकडून वर उचलते, आतला रस शोषते आणि रिकामी कातडी टाकून देते. वाढ पूर्ण होईपर्यंत एक अळी शेकडो मावा फस्त करते. २००२ मध्ये उसावर लोकरी मावा आला आणि पश्चिम महाराष्ट्रातील ऊस पट्ट्यात पसरला, तेव्हा त्याला खाणाऱ्या मित्रकीटकांत डिफा आणि मायक्रोमस यांच्या जोडीला युपिओडिस कॉन्फ्रेटर ही सिरफिडही होती. शेतकऱ्याला अळी ओळखू येत नाही आणि किडीची अळी समजून तिच्यावरच फवारणी होते, हे या माशीचे खरे दुर्दैव.

सगळ्याच सिरफिडच्या अळ्या मावा खात नाहीत. एरिस्टॅलिनस प्रजातीच्या माश्यांचे डोळे ठिपकेदार किंवा पट्टेरी असतात आणि त्यांच्या अळ्या गोठ्याच्या सांडपाण्यात, कुजक्या डबक्यात वाढतात. शेपटीसारखी लांबणारी श्वासनळी पाण्याबाहेर काढून त्या हवा घेतात. मायक्रोडॉन गटाच्या अळ्या तर मुंग्यांच्या वारुळात राहतात आणि बहुतांशी मुंग्यांच्या अळ्या-कोषांवर जगतात.

नवी जाती सापडते म्हणजे काय होते? बहुतेक वेळा सुरुवात शेतात किंवा जंगलात नव्हे, तर संग्रहालयातल्या टाचणीवर होते. त्यासाठी आधी माश्या हातजाळ्याने पकडतात किंवा मॅलेझ सापळा लावतात. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ रेने मॅलेझ यांनी पाहिले होते की तंबूत शिरलेले कीटक बाहेर पडण्यासाठी नेहमी वरच्या कोपऱ्याकडे जातात. त्यावरून जाळीचा तंबू आणि त्याच्या उंच कोपऱ्यात बाटली अशी रचना त्यांनी केली आणि १९३७ मध्ये ती प्रसिद्ध केली. आजही उडणारे कीटक गोळा करण्याचे ते एक प्रमुख साधन आहे. अभयारण्यात असा सापळा लावायचा तर वन्यजीव विभागाची लेखी परवानगी लागते.

पकडलेली माशी वक्षाच्या उजव्या बाजूतून टाचतात, म्हणजे डावी बाजू तरी अखंड राहते. टाचणीवर माशीखाली चिठ्ठी येते. तिच्यावर राज्य, जिल्हा, गाव, उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणत्या वनस्पतीवर मिळाली आणि कोणी पकडली एवढे लिहिलेले असते. चिठ्ठी नसलेला नमुना कितीही देखणा असला तरी वैज्ञानिकदृष्ट्या जवळजवळ निरुपयोगी ठरतो. जुन्या संग्रहांतील चिठ्ठ्यांवर ‘अहमदनगर’ हे जिल्ह्याचे जुने नाव लिहिलेले असेल, तर शोधनिबंधात ते जसेच्या तसे उतरवतात आणि आजचे नाव पुढे कंसात देतात. चिठ्ठी बदलत नाहीत.

पुढचे काम सर्वांत चिवट. हाती आलेली माशी कोणत्याच ज्ञात जातीशी जुळत नाही, हे सिद्ध करावे लागते. भारतीय सिरफिडसाठी पहिला मोठा आधार म्हणजे १९२३ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत आलेला एन्रिको ब्रुनेट्टी यांचा खंड. ब्रुनेट्टी व्यवसायाने संगीतकार होते. कोलकात्यात राहून त्यांनी भारतातील माश्यांचा अभ्यास केला. त्यांच्यापुढच्या नमुन्यांत हिमालय आणि ईशान्येकडच्या डोंगरांचा वाटा मोठा होता, दख्खनच्या पठाराचा त्या मानाने थोडा. पुढे कुमार घोरपडे यांनी अनेक दशके या कुळावर काम केले. १९९४ मध्ये त्यांनी मांडलेली अग्निसिर्फस ही प्रजाती आज सर्वमान्य आहे.

केवळ पुस्तक पुरत नाही. इश्चिओडॉन स्कुटेलॅरिसला फॅब्रिशियस या कीटकशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये नाव दिले, तेही अवघ्या काही ओळींच्या लॅटिन वर्णनासह. इतक्या त्रोटक वर्णनात दोन-तीन जाती सहज बसतात. खात्री करायची तर ज्या माशीवरून ते नाव पडले ती मूळ माशी पाहावी लागते, आणि भारतातून गेलेल्या अशा माश्या कोपनहेगन, व्हिएन्ना, लंडन येथील संग्रहालयांत आहेत. आपल्या शिवारातल्या माशीची ओळख पटवायला युरोपातले कपाट उघडावे लागते, ही भारतीय कीटकशास्त्राची जुनी अडचण आहे. अलीकडे या नमुन्यांची उत्तम छायाचित्रे मिळू लागल्याने ती थोडी सैल झाली आहे.

रंगावर विसंबले की हमखास फसगत होते. एपिसिर्फस बाल्टिॲटस या सर्वत्र आढळणाऱ्या सिरफिडच्या पोटावर काळे आणि नारिंगी पट्टे असतात. कोष थंडीत वाढला तर काळे पट्टे रुंद होतात, उन्हाळ्यात वाढला तर अरुंद. म्हणजे डिसेंबरच्या कडाक्यात निघालेली माशी आणि मार्चमध्ये निघालेली तिचीच पुढची पिढी शेजारी ठेवली तर नवख्याला त्या दोन जाती वाटतील. म्हणून एकाच नमुन्यावरून नवी जाती जाहीर करण्याची घाई चांगले अभ्यासक करत नाहीत. वेगवेगळ्या ऋतूंतले नर आणि माद्या हाती असतील तर फरक जातीचा की हवामानाचा, हे कळते.

निर्णायक पुरावा बहुधा नराच्या पोटाच्या टोकाशी असतो. जननांगांचा आकार एका जातीत ठरलेला असतो आणि जवळच्या जातींतही तो वेगळा निघतो. वाळलेल्या माशीचे हे टोक अलगद तोडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवतात. काही वेळात स्नायू आणि चरबी विरघळते आणि तपकिरी, पारदर्शक कवच उरते. ते धुऊन ग्लिसरीनच्या थेंबात, सूक्ष्मदर्शकाखाली, केसाएवढ्या सुईने फिरवत बाजूने, वरून आणि खालून पाहतात. पकडीसारख्या दोन भागांचे टोक गोल आहे की आत वळलेले, त्यावर केस कुठे आहेत, कडेला दाते आहेत का, हे सारे रेखाटून घेतात. काम संपले की ते कवच इवल्याशा कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीला खोचतात. ते हरवले तर नमुन्याची निम्मी किंमत गेली.

आता याला डीएनएची जोड मिळाली आहे. माशीचा एखादा पाय घेऊन सीओआय या जनुकाचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचतात आणि इतर जातींशी ताडून पाहतात. नर आणि मादी दिसायला वेगळे असतील तर ती एकाच जातीची जोडी आहे हे यातून कळते. मात्र केवळ या तुकड्यावर जाती ठरवणे धोक्याचे आहे. काही खऱ्या जातींत तो जवळजवळ सारखाच निघतो.

मग येते लेखी वर्णन. ते डोक्यापासून सुरू होऊन पोटाच्या टोकाशी संपते. त्यात डोळे केसाळ की गुळगुळीत, चेहऱ्यावरील उंचवटा, शृंगिकांच्या खंडांची लांबी, वक्षावरील पट्टे, पायांचे रंग, पंखांतील शिरांची वळणे, पोटाच्या प्रत्येक खंडावरचे डाग असे सगळे येते. बहुतेक सिरफिडमध्ये नराचे डोळे कपाळावर एकमेकांना भिडतात आणि मादीचे दूर राहतात, म्हणून दोघांचे वर्णन वेगळे करतात. सर्वांत मोलाचा भाग मात्र जवळच्या जातींशी केलेली तुलना हा असतो. नवी माशी शेजारच्या जातीपासून नेमकी कशाने वेगळी, हे दोन-तीन वाक्यांत सांगता आले नाही तर बाकीची पाने व्यर्थ.

नावाचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेत आहेत. प्राण्यांच्या वैज्ञानिक नावांची गणना १७५८ पासून धरतात आणि एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर सामान्यतः आधीचे टिकते. २००० सालापासून नव्या जातीसाठी एक मूळ नमुना स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे किंवा ठेवला जाईल हे सांगणे बंधनकारक आहे. नाव ठिकाणावरून, गुणधर्मावरून किंवा व्यक्तीवरून देता येते. एकदा प्रसिद्ध झालेले नाव गावाचे किंवा जिल्ह्याचे नाव बदलले म्हणून बदलत नाही. भारतात याला कायद्याचीही जोड आहे. जैवविविधता कायदा, २००२ नुसार नव्या जातीची माहिती नियुक्त संग्राहक संस्थेला कळवून नमुने तिथे जमा करावे लागतात. प्राण्यांसाठी हे काम भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था पाहते आणि तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

एवढे झाले तरी जातीची अर्धीच ओळख झालेली असते. मायक्रोडॉनची अळी इतकी विचित्र, घुमटाकार आणि चपटी असते की १८२५ मध्ये योहान फॉन स्पिक्स यांच्यासारख्या मातब्बर प्राणिशास्त्रज्ञाने ती गोगलगायीच्या वर्गातील प्राणी समजून तिला वेगळे नाव दिले. भारतातल्या बहुतांश सिरफिडची वर्णने फक्त उडणाऱ्या माशीची आहेत. अळी काय खाते, कुठे वाढते हे माहीत नसेल तर त्या जातीचे संरक्षण कसे करायचे आणि शेतीला तिचा उपयोग कसा करून घ्यायचा, दोन्ही सांगता येत नाही.

अळ्यांच्या अभ्यासाचे हे काम जिल्ह्यातील महाविद्यालयांत, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या परिसरात आणि कोणत्याही ज्वारीच्या रानात होऊ शकते. त्याला महागडी साधने लागत नाहीत. माव्याने भरलेल्या पानावरची अळी पानासकट बरणीत ठेवावी, रोज ताजा मावा द्यावा, थेंबाच्या आकाराचा कोष झाला की तारीख लिहावी आणि बाहेर येणारी माशी त्या कोषासह जपावी. कधी कोषातून माशीऐवजी परजीवी गांधीलमाशी निघते, तीही नोंद मोलाची. फुलांवरच्या माश्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांनी चित्रासोबत गाव, तारीख आणि वनस्पतीचे नाव लिहून ठेवावे, आणि पंखांच्या शिरा स्पष्ट दिसतील असे एक तरी चित्र घ्यावे.