वाटाण्याच्या अंकुराने उभा राहिलेला धंदा



काही वर्षांपूर्वी नांदगाव तालुक्यातील एका गावी हरभऱ्याच्या बियाण्याची उगवण कशी तपासावी, यावर मी अर्धा तास बोललो. मंडळींनी माना डोलावल्या, चहा झाला, मी परतलो. पेरणीनंतर पाहतो तो एकाच्या रानात निम्म्या जागा रिकाम्या. घरचे जुने बी, भुंग्याने पोखरलेले. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगितलं खरं, पण डोळ्यांनी दिसलं नव्हतं ना!" दुसऱ्या वर्षी मी भाषण केले नाही. ओल्या गोणपाटात मोड आणलेले शंभर दाणे नेले आणि पारावर सर्वांसमोर उलगडले. त्या साली बऱ्याच घरांनी चाचणी केली.

ही युक्ती माझी नव्हे. आपल्याच जिल्ह्यातील एका माणसाने ती १९१२ साली केली होती, आणि तीही पैसेवाल्यांना पटविण्यासाठी. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. फोटोग्राफी केली, लोणावळ्याला छापखाना काढला. भागीदारांशी पटले नाही, म्हणून तोही सोडला. मग मुंबईत गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील हलती चित्रे पाहिली. आपल्या रामकृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणायच्या, असे त्यांच्या मनाने घेतले. विमा गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले.

कॅमेरा आला, पण भांडवल कुठे होते? या वेडाला पैसा कोण देणार? फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा एका जागी पक्का बसविला आणि रोप वाढेल तशी रोजच्या रोज त्याची चित्रे घेतली. महिनाभराहून अधिक काळ हा उद्योग चालला. मग ती चित्रे ओळीने पडद्यावर दाखविली. पाहता पाहता माती फोडून अंकुर वर आला, पाने फुटली, वेल चढला! जे आपण रोज बांधावरून पाहतो पण वाढताना कधीच दिसत नाही, ते डोळ्यांदेखत वाढले. 'अंकुराची वाढ' पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी मदत देऊ केली. त्यातून 'राजा हरिश्चंद्र' झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लोकांसमोर आला. त्याच वर्षी फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला.

निर्जीव वस्तूंना चालते करण्याची विद्याही आपल्याकडे त्यांनीच आणली. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. तिचे गमक सोपे आहे. काडी ठेवायची, एक चित्र घ्यायचे. काडी जराशी सरकवायची, पुन्हा एक चित्र. मूकपटात सेकंदाला साधारण १६ चित्रे जात. म्हणजे मिनिटभर काड्या नाचवायच्या तर सुमारे ९६० वेळा हात लावायचा. घाई केली की खेळ बिघडला. कांद्याची रोपे एकेक करून लावणाऱ्या आपल्या बायाबापड्यांना हे वेगळे सांगायला नको. आज मुले दूरदर्शनसंचावर ज्या चलचित्रांत रमतात, त्यांचे आपल्या देशातले बी हे. दुर्दैवाने आगकाड्यांची ती फीत आज उरलेली नाही.

या धंद्यात अर्धा वाटा सरस्वतीबाईंचा होता. त्यांनी दागिने पुढे केले. साऱ्या कामगारांचा स्वयंपाक केला, फितीला भोके पाडण्याचे व ती धुण्याचे काम शिकून घेतले, भर उन्हात पांढरी चादर धरून उजेड वळविला. ज्या घरात शेतीचा हिशेब पुरुषाच्या नावे आणि राबणूक बाईच्या नावे असते, तिथे हे नाव मुद्दाम सांगावे.

शेवट मात्र गोड झाला नाही. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. चित्रे गाजली, पण भागीदारांशी खटके उडाले. बोलपट आले आणि खर्चाचे मान बदलले. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे ते वारले, तेव्हा हाती पैसा नव्हता. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार १९६९ सालापासून सुरू झाला. पिकविणाऱ्याच्या हाती भाव नसणे म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. कसब एकाचे आणि भांडवल दुसऱ्याचे असेल, तर करार आधी लेखी करावा, हाही धडा यातून घ्यावा.

आता एक काम सांगतो. रब्बीच्या पेरणीआधी हरभऱ्याचे न निवडता शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठव्या दिवशी चांगले कोंब मोजा. ८५ किंवा अधिक निघाले तर बी पेरण्याजोगे. फारच कमी निघाले तर बी बदला.

त्याच वेळी पाच दाणे कुंडीत लावा. मोबाईल डब्याला टेकवून एका ठरल्या जागी ठेवा आणि मुलांना रोज सकाळ-संध्याकाळ एकेक फोटो घेऊ द्या. महिन्याने ते फोटो भराभर पुढे सरकवा. घरात अंकुर वाढताना दिसेल. पोरांना खेळ मिळेल, तुम्हाला बियाण्याची खात्री मिळेल, आणि त्र्यंबकेश्वरच्या त्या माणसाची आठवण नांदगावच्या ओसरीवर जागी राहील.