सागरी सहल आणि श्रावकाची मर्यादा

नवपद ओळीचे दिवस आले की घरोघरी श्रीपाल राजाची कथा वाचली जाते. धवलशेठच्या जहाजांसोबत निघालेला श्रीपाल, लोभापायी शेठने त्याला समुद्रात ढकलून देणे आणि नवपदाच्या स्मरणाने तरून त्याचे कोकणातील ठाण्याच्या किनाऱ्याला लागणे, हा प्रसंग घरातील लहानांनाही तोंडपाठ असतो. ठाण्यातील टेंभी नाक्याजवळचे मुनिसुव्रतस्वामींचे जिनालय त्या कथेची आजही आठवण देते. तात्पर्य, जैन व्यापारी कुटुंबाला समुद्र परका नाही. साधू-साध्वी पायीच विहार करतात. श्रावक मात्र शतकानुशतके गलबतांतून माल घेऊन दूरदूरच्या बंदरांना जात आला. आता त्याच समुद्रावर त्याची नातवंडे सहलीसाठी जाऊ लागली आहेत. व्यापारासाठी निघालेला पूर्वज कोणते नियम सोबत नेत होता आणि सहलीला निघालेल्या नातवाने कोणते न्यावेत, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

गेल्या जानेवारीत, मार्चअखेरची धावपळ सुरू होण्यापूर्वी, पुण्यातील पाच कुटुंबांतील सव्वीस जण अशा सहलीला गेले. कापड, भुसार आणि सराफी असे तिघांचे तीन व्यवसाय, नाते मामेभाऊ-आतेभावांचे. पाचही घरांची दुकाने एकाच वेळी बंद राहण्याची ही पहिलीच वेळ होती.

व्रताची हद्द

तरुण मंडळींच्या मनात सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेतकडे जाणारे जहाज होते. अडचण एकच होती. कुटुंबातील सर्वांत ज्येष्ठ, ब्याऐंशी वर्षांच्या बांनी श्रावकाची बारा व्रते घेतलेली आहेत. त्यांतील सहावे दिग्व्रत, म्हणजे कोणत्या दिशेला किती दूर जायचे याची आयुष्यभरासाठी आखलेली सीमा. बांनी ती सीमा भारतापुरती ठेवली होती. “तुम्ही सारे जाऊन या, मी उपाश्रयात आनंदाने राहीन,” असे त्यांनी स्वतःच सांगितले. थोरल्या मुलाने मात्र एका वाक्यात विषय मिटवला, “बा नाहीत, तर सहल नाही.” सिंगापूर मागे पडले आणि लक्षद्वीप पुढे आले.

तरीही एक शंका उरलीच. सी.ए.चा अभ्यास करणाऱ्या नातवाने ती काढली. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरपर्यंत असते. मुंबई ते अगत्ती हे अंतर सुमारे नऊशे किलोमीटर. जहाज वाटेत त्या हद्दीबाहेर जाणारच. मग व्रताचे काय? घरातील काहींनी हसून सोडून दिले, पण बांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्या साध्वीजींकडे गेल्या. साध्वीजींनी विचारले, “व्रत घेताना मनात काय होते?” बा म्हणाल्या, “देश सोडून परदेशी जायचे नाही, एवढेच.” भारताच्या बंदरातून निघून भारताच्याच बेटावर उतरायचे आणि परत यायचे, यात त्या भावाला बाधा येत नाही, असा निर्वाळा मिळाला. सोबत एक सूचनाही मिळाली. प्रवासाच्या दिवसांपुरते देशावकाशिक व्रत घ्यावे, म्हणजे मोठ्या सीमेच्या आत रोजची लहान सीमा आखावी. जहाजाला अकरा मजले होते. बांनी आपली खोली, भोजनगृह आणि एक मोकळा डेक एवढेच ठेवले. अवघे जहाज हिंडून आलेल्या मंडळींपेक्षा त्यांना समुद्र कमी दिसला, असे कोणी म्हणू शकले नाही.

बंदर सोडण्यापूर्वी

सागरी सहलीत नियम पाळले जातात ते किनाऱ्यावर केलेल्या तयारीमुळे. या गटाने आरक्षणाच्या वेळीच भोजनाविषयी लेखी कळवले होते, आणि ते आवश्यकच होते. जहाजाच्या मुदपाकखान्यात ‘जैन भोजन’ म्हणजे बहुधा कांदा, लसूण आणि बटाटा वर्ज्य, एवढाच अर्थ धरला जातो. जिलेटिन घातलेली जेली, मध, अळंबी, रेनेट वापरून केलेले चीज, आदल्या दिवशीचे पदार्थ यांचा उल्लेख वेगळा करावा लागतो. सहलीच्या मध्येच एक तिथी येत होती. त्या दिवशी हिरवी भाजी नको, हेही सांगितलेले होते. बहुतेक जहाजांवर खोलीत किटली किंवा पाणी तापवण्याचे उपकरण चालत नाही. त्यामुळे उकळलेल्या पाण्याची सोय मुदपाकखान्यातूनच करून घ्यावी लागली. आगीच्या भयामुळे दिवा आणि अगरबत्तीलाही मनाई असते. आरती दिव्याविना, केवळ स्वरांनी झाली.

चौविहार करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे भोजन साडेपाचला ठरले. येथे भूगोलाने थोडी मदत केली. जानेवारीत अगत्तीला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पाव तास उशिरा मावळतो, कारण विषुववृत्ताच्या जवळ गेल्यावर हिवाळ्यातील दिवस मोठा होतो. नवकारसी करणाऱ्यांचाही लाभ झाला. तेथे सूर्य लवकर उगवत असल्याने सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटेही लवकर पूर्ण झाली.

हिशोबाची बाजूही पक्की हवी. तिकिटाची किंमत म्हणजे सहलीचा खर्च नव्हे. बंदर शुल्क, सेवा शुल्क, कर आणि बेटावरील फेरफटका यांचे पैसे अनेकदा वेगळे असतात. जहाजावर रोख रक्कम फारशी चालत नाही. प्रत्येक खरेदी खोलीच्या खात्यावर चढते आणि शेवटच्या रात्री एकत्रित बिल हाती येते. उधारीचे खाते कसे वाढते हे व्यापाऱ्याला सांगायला नको. या गटाने एकच खजिनदार नेमला, प्रत्येक खोलीला मर्यादा घालून दिली आणि रोज संध्याकाळी खाते पाहिले. समुद्र खवळलेला असल्यास बेटावर उतरणे रद्द होऊ शकते आणि त्याची पूर्ण भरपाई सहसा मिळत नाही; ही अट सर्वांना आधीच वाचून दाखवली होती. जहाजावर जुगाराचे दालनही होते. सप्त व्यसनांत पहिले नाव द्यूताचे आहे. तरुणांना दम देण्यापेक्षा वडीलधाऱ्यांनी रात्री त्याच वेळेला अंताक्षरी ठेवली, आणि ती दोन्ही रात्री बारापर्यंत रंगली.

एक गोष्ट कोणीही टाळू नये, ती म्हणजे प्रस्थानाची सुरक्षा कवायत. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर जागतिक नियम कडक झाले आणि जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच ती घेणे बंधनकारक ठरले. बांनी जीवरक्षक जॅकेट साडीवरून चढवले आणि आपली जमण्याची जागा दोनदा विचारून घेतली.

अगत्ती

एक संपूर्ण दिवस पाण्याशिवाय काही दिसले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नारळाच्या झाडांची एक हिरवी रेघ उगवली. लक्षद्वीपची बेटे ३६ गणली जातात. त्यांपैकी दहांवर वस्ती आहे आणि सर्वांची मिळून जमीन केवळ ३२ चौरस किलोमीटर आहे. मोठे जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर नांगर टाकते आणि लहान नावांतून प्रवासी किनाऱ्याला जातात. त्या दिवशी समुद्र शांत होता. दोन खलाशांच्या हातांचा आधार घेत बा नावेत उतरल्या, तेव्हा वरच्या डेकवरील मंडळींनी श्वास रोखून धरला होता.

कड्याच्या आतील उथळ जलाशय इतका निर्मळ होता की नावेच्या काचेच्या तळातून खालचे सारे दिसत होते. फांद्यांसारखी, पंख्यांसारखी, मेंदूसारखी प्रवाळे. त्यांच्यामधून फिरणारे मासे. नाविक स्थानिक होता, मोडक्या हिंदीत बोलत होता. मधूनमधून दिसणाऱ्या पांढुरक्या, ओसाड भागांकडे त्याने बोट दाखवले. समुद्राचे पाणी अतिशय तापले की प्रवाळ आपल्यातील रंगीत सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ते शैवालच त्याला अन्न पुरवत असते. तापमान लवकर उतरले नाही तर तो मरतो. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी असे घडले.

दुपारी किनाऱ्यावर एक लहानसा प्रसंग घडला. सराफी पेढीच्या घरातील बारा वर्षांच्या मुलाने टोपीभर प्रवाळाचे तुकडे वेचून आणले. प्रवाळ त्याने आजवर दुकानातच पाहिला होता, रतीवर तोलून अंगठीत बसवला जाणारा तांबडा खडा म्हणून. बांनी विचारले, “जीवविचारात विद्रुम कोठे येते?” पाठशाळेतील धडा मुलाला आठवला, “पृथ्वीकायात.” विद्रुम म्हणजे प्रवाळ. आजचे विज्ञान त्याला प्राण्यांत गणते, शास्त्र पृथ्वीकायात. तो सजीव आहे याविषयी दोघांत मतभेद नाही. मुलगा चटकन म्हणाला, “पण हे तुकडे तर निर्जीव आहेत, बा.” बा म्हणाल्या, “असतील. पण तुला दिले कोणी?”

शेजारी उभ्या असलेल्या नाविकाने हे ऐकले. प्रवाळ उचलून नेणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे तर त्याने सांगितलेच. आणखी एक गोष्टही सांगितली. हे बेट उभे आहे तेच या तुकड्यांवर आणि त्यांच्या चुऱ्यावर. येथे डोंगर नाही, नदी नाही. पायाखालची जमीन म्हणजे मेलेला प्रवाळ आहे आणि लाटा अडवणारी भिंत म्हणजे जिवंत प्रवाळ. मुलाने टोपी रिकामी केली. थोड्याच वेळापूर्वी छायाचित्रासाठी पाण्यातील प्रवाळावर उभे राहिलेले दोन काका मात्र त्या वेळी काहीच बोलले नाहीत.

हिशोबात राहिलेली बाब

भोजनात बटाटा येऊ नये म्हणून या गटाने जहाजाशी चार पत्रे लिहिली होती, आणि ते योग्यच होते. पायाखाली काय येईल याविषयी मात्र एकही ओळ लिहिली नव्हती. ताटापुरती अहिंसा सांभाळणे सवयीने सोपे झाले आहे. तिच्यापुढची अहिंसा नव्या ठिकाणी नव्याने शिकावी लागते. पाण्याचेही तसेच. वाळूखाली खाऱ्या पाण्यावर तरंगणारा गोड्या पाण्याचा पातळ थर हाच या बेटांचा जुना आधार. तो अपुरा पडतो म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प उभारावा लागला; त्याची क्षमता रोज एक लाख लिटर आहे. पाणी तुपासारखे वापरावे, असे घरी सांगणाऱ्यांनी तेथे नळाखाली पाय धूत उभे राहणे शोभत नाही.

परतीच्या रात्री खजिनदाराने हिशोब मांडला. उरलेली रक्कम पांजरापोळीला देण्याचे सर्वानुमते ठरले. पुढच्या सहलीसाठी वहीत एक नवी यादी लिहिली गेली. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, बेटावरून काही उचलायचे नाही, कचरा जहाजावर परत आणायचा, आणि गोड्या पाण्याचा नळ सोडण्यापूर्वी विचार करायचा. ही यादी बांच्या सांगण्यावरून भोजनाच्या यादीच्या वर लिहिली गेली.

घरी आल्यावर मुलाने आजोबांच्या पेढीवरील पोवळ्याचा डबा उघडून बराच वेळ पाहिला. चैत्री ओळीत श्रीपालाची कथा सुरू झाली, तेव्हा त्याने मध्येच थांबवून विचारले, “त्या द्वीपांवर प्रवाळ होते का?” वाचणाऱ्या काकांना उत्तर देता आले नाही. बा म्हणाल्या, “असणारच. पुढे वाच.”