लॅपटॉपमधली तिळी

हडूप हे नाव मुळात खेळण्यातल्या एका पिवळ्या हत्तीचं. डग कटिंग यांच्या मुलाने ते आपल्या हत्तीला ठेवलं होतं. कटिंग आणि माइक कॅफरेला यांनी गूगलच्या २००३ आणि २००४ सालच्या शोधनिबंधांवरून उभारलेली प्रणाली २००६मध्ये याच नावाने स्वतंत्र प्रकल्प म्हणून निघाली. तिची युक्ती अशी: प्रचंड डेटा सांभाळायला एक अवाढव्य यंत्र घेण्याऐवजी साधी पुष्कळ यंत्रं एकत्र जुंपायची, फाइलचे १२८ एमबीचे तुकडे करायचे आणि प्रत्येकाच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. माल डेटानोडकडे, कुठला तुकडा कुठे याची वही नेमनोडकडे.

शिकणाऱ्याच्या घरात यंत्रांची रांग कुठून येणार? माझ्याकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप होता. त्यावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये उबंटूचं एक आभासी यंत्र बसवलं, त्यात हडूप एकदा चालवून पाहिलं आणि मग त्याचे दोन क्लोन काढले. पहिल्याला ४ जीबी, बाकीच्यांना तीन-तीन. पहिल्याकडे वही, माल तिघांकडे. घाई नडली ती इथेच.

व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅट जाळ्यात तिघांचा पत्ता एकच निघाला, १०.०.२.१५. जो तो आपापल्या बंद खोलीत. इंटरनेट दिसतं, शेजारचं भावंड दिसत नाही. म्हणून होस्ट-ओन्ली प्रकारचं दुसरं नेटवर्क कार्ड जोडून १९२.१६८.५६.१०१पासून पुढचे तीन पत्ते कायमचे बांधून दिले. नावंही बदलली: नोड१, नोड२, नोड३. एकमेकांत शिरायची एसएसएचची किल्ली मात्र क्लोनबरोबर तिघांच्याही खिशात आयती गेली होती. क्लोन काढल्याचा फायदा झाला तो एवढाच.

तरी डेटानोड नेमनोडपर्यंत पोचेनात. पिंग जात होतं, एसएसएच जात होतं. अख्खी संध्याकाळ गेल्यावर होस्ट्स फाइलमधली एक ओळ दिसली. उबंटू स्वतःच्या नावापुढे १२७.०.१.१ लिहून ठेवतं. ते वाचून नेमनोड फक्त स्वतःच्याच खोलीतली हाक ऐकत बसला होता, बाहेरच्यांनी कितीही दार वाजवलं तरी. ओळ काढली आणि बोलणं सुरू झालं.

खरी गंमत पुढे. तिन्हीकडे डेटानोड चालू, पण नेमनोडच्या वेब पानावर जिवंत नोड एकच! पान ताजं केलं की कधी नोड२, कधी नोड३. डेटानोड पहिल्यांदा सुरू होताना स्वतःचा ओळख क्रमांक तयार करून डेटाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. माझ्या क्लोननी तोही उचलला होता. एकाच रेशनकार्डावर तिघे वेगवेगळे येऊन रांगेत उभे राहावेत, तसा प्रकार. नोड२ आणि नोड३वरचं डेटाचं फोल्डर पुसलं, डेटानोड पुन्हा सुरू केले. आता पानावर तीन.

या संसाराने काम जलद होत नाही, उलट रखडतंच. प्रोसेसर एकच आणि वाटेकरी तीन. सगळ्या प्रतीही शेवटी एकाच एसएसडीवर. पण मोडतोड करून पाहायला यासारखी जागा नाही.

प्रतींची संख्या दोनवर आणून एक मोठी फाइल चढवली आणि नोड३ बंद केला. डेटानोड दर तीन सेकंदांनी ‘मी आहे’ म्हणतो. तो गप्प झाला म्हणून नेमनोड लगेच सुतक धरत नाही. साडेदहा मिनिटं वाट पाहतो, कारण जाळं जरा तुंबलं की प्रती काढत सुटणं परवडणारं नसतं. मी चहा करून आलो तरी नोड३ जिवंतांच्या यादीत होताच. मग तो मृतांत गेला आणि त्याच्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती उरलेल्या दोघांवर उमटू लागल्या. थोड्या वेळाने मी नोड३ पुन्हा चालू केला, तर नेमनोडने जास्तीच्या झालेल्या प्रती पुसायला घेतल्या.