सिनेमा पाहणं आणि सिनेमाला जाणं

(दासगाव येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस सिनेमाच्या प्रेक्षकांवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. मलाही वाटलं होतं. (हशा) पण 'थिएटरं ओस का पडली?' हा प्रश्न आपण सगळेच विचारतो, आणि तो जरा नीट विचारला पाहिजे.

सुरुवातीलाच एक फरक करू या. सिनेमा पाहणं वेगळं आणि सिनेमाला जाणं वेगळं. पाहणं कमी झालेलं नाही. उलट आज पोरं जेवताना, एसटीत, अंथरुणात पाहतात. कमी झालंय ते जाणं. घराबाहेर पडून, तिकीट काढून, अनोळखी माणसाच्या शेजारी अंधारात बसणं. माझा विषय तो आहे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. तिकीट एक रुपया! म्हणजे साहेबलोकांचीच गंमत. पण काही दिवसांतच नॉव्हेल्टी थिएटरात दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लागले, पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले गेले. पुढच्या शंभर वर्षांचा सगळा नकाशा या दरपत्रकात आहे. खिशाप्रमाणे जागा, पण छप्पर एक.

आता इथे जरा थांबतो, कारण आपण दासगावात आहोत. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी बाबासाहेब आंबेडकर बोटीने याच बंदरात उतरले आणि इथून महाडला गेले. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावरून माणसांना मारहाण झाली होती. ज्या काळात तळ्यावर जात विचारत होते, त्या काळात तिकीटखिडकी पैसे विचारत होती. ही समता नव्हे. पैशाची उतरंड तिथेही होतीच, आणि माणूस मनातली जात बाहेर ठेवून आत येत नाही. तरीही अंधारात शेजारी कोण बसलाय हे न विचारता दोन-तीन तास एकत्र हसायचं, रडायचं, ही आपल्या समाजाला नवी सवय होती. तिची किंमत आपण कमी लेखतो.

आमच्या लहानपणी कोकणातल्या खेड्यात सिनेमा दोन वाटांनी यायचा. एक जत्रेतल्या तंबूतून. दुसरा चाकरमान्याच्या तोंडून. गिरणीत कामाला असलेला माणूस लालबागच्या 'भारतमाता'त पिक्चर बघायचा आणि गणपतीला गावी आला की पडवीत बसून अख्खी गोष्ट सांगायचा, मारामारीसकट. पाहिलेला एक, ऐकलेले वीस!

त्या काळात सिनेमे टिकायचे किती बघा. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. १९७५ चा 'शोले' मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं. हे कौतुकाचं आहेच, पण त्याचं एक साधं कारणही आहे. प्रती मोजक्या, आणि पुन्हा पाहायचा तर पुन्हा थिएटरलाच जावं लागे. दुसरा मार्गच नव्हता. म्हणून 'तेव्हा लोक रसिक होते, आता नाहीत' हा निष्कर्ष काढू नका. पर्याय नसताना झालेली गर्दी ही रसिकतेचा पुरावा ठरत नाही.

मग १९८२ आलं. जानेवारीत गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. नोव्हेंबरात एशियाड, आणि त्याच वर्षी रंगीत दूरदर्शन. एकीकडे स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाचा पगार थांबला, दुसरीकडे पडदा घरात आला. मागोमाग व्हिडिओ. १९८७ च्या जानेवारीत रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा अख्खी वाडी एका टीव्हीसमोर बसायची. पुढे प्रत्येक घरात टीव्ही आला, आणि आता प्रत्येक हातात मोबाइल. हजार माणसं, मग वाडी, मग कुटुंब, मग एकटा. पडदा लहान होत गेला तशी त्याच्यासमोरची माणसंही कमी होत गेली.

हे आपल्याकडेच झालं असं नाही. ब्रिटनमध्ये १९४६ साली १६३ कोटी तिकिटं खपली होती. १९८४ मध्ये साधारण साडेपाच कोटी.

आता आजचे आकडे. ऑरमॅक्स मीडियाच्या अंदाजानुसार भारतात २०१९ मध्ये सुमारे १०३ कोटी तिकिटं विकली गेली, २०२४ मध्ये ८८ कोटी. पण कमाई १०,९०० कोटींवरून ११,८०० कोटींवर गेली. सरासरी तिकीट १०६ रुपयांवरून १३४ वर. म्हणजे माणसं घटली आणि धंदा वाढला! माझी खरी काळजी इथे आहे. पूर्वी पिटातल्या प्रेक्षकाच्या शिट्टीवर पिक्चर चालायचा. आता त्याच्याशिवायही चालतो. मग सिनेमा हळूहळू त्याच्याविषयी बोलायचंही थांबवतो.

जुन्या थिएटरचं मी गोडवं गात नाही. ढेकूण होते, ब्लॅकवाले होते, आणि पुष्कळ बायकांना तिथे जाणं नकोसं वाटायचं. पण १९७५ मध्ये 'जय संतोषी माँ'ला बायका चपला काढून बसल्या, आणि २०२३ मध्ये 'बाईपण भारी देवा'ला नटूनथटून घोळक्याने गेल्या. ओटीटी हातात असताना! त्यांना नुसता सिनेमा पाहायचा नव्हता, एकमेकींबरोबर जायचं होतं.

प्रश्न (श्रोत्यांतून): सर, मग आम्ही गावात काय करायचं? एवढं तिकीट परवडत नाही.

उत्तर: खरं आहे, आणि 'जरूर जा' असं मी सांगणार नाही. पण शाळेत प्रोजेक्टर असेल, देवळात किंवा बुद्धविहारात भिंत असेल. महिन्यातून एक सिनेमा रीतसर परवानगी घेऊन लावा. वाड्यावाड्यांतली माणसं एकत्र बसवा, आणि संपल्यावर अर्धा तास बोला. भांडण झालं तरी चालेल. एकट्याने पाहताना भांडायलाही कुणी नसतं. (हशा)