घरात नेट एक, वाटेकरी अनेक

घराला इंटरनेटचे कनेक्शन मिळते तेव्हा त्याबरोबर सहसा एकच आयपी पत्ता येतो. त्या एका पत्त्यावर मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही आणि दारावरचा कॅमेरा एकाच वेळी चालतात, कारण मध्ये राउटर असतो. पूर्वी हे काम घरातल्याच एखाद्या संगणकावर सोपवले जाई. १९९९च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनमध्ये कनेक्शन वाटून देण्याची सोय आली होती. मोडेम लावलेला तो संगणक बंद केला की बाकीच्यांचे नेट गेलेच.

वाटणीची ही पद्धत पत्त्यांच्या टंचाईतून आली. १९८१ मध्ये ठरलेल्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. तेव्हा हा आकडा अवाढव्य वाटला होता. जगाचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. चाहूल मात्र नव्वदच्या दशकातच लागली होती, म्हणून काही पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. घराबाहेर ते चालत नाहीत. त्यामुळे एकाच मजल्यावरच्या चारही फ्लॅटमध्ये १९२.१६८.१.५ हा पत्ता बिनदिक्कत असू शकतो.

घरातले पत्ते राउटरच वाटतो, तेही मुदतीवर. काल चालणारा वायफाय प्रिंटर आज सापडेनासा होतो, त्यामागे अनेकदा बदललेला पत्ता असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता राखून ठेवला की ही कटकट मिटते.

खरी करामत पुढे आहे. लॅपटॉपवर एखादे संकेतस्थळ उघडले की विनंतीच्या पॅकेटवर पाठवणारा म्हणून १९२.१६८.१.५ आणि पोर्ट क्रमांक, समजा ५१२००, असे लिहिलेले असते. राउटर ते खोडून तिथे नेट कंपनीने दिलेला पत्ता आणि स्वतःचा एक पोर्ट, समजा ४०००१, टाकतो आणि या बदलाची नोंद ठेवतो. उत्तर ४०००१ वर आले की नोंद पाहून ते लॅपटॉपकडे धाडतो. याला ‘नॅट’ म्हणतात. न मागता बाहेरून आलेल्या पॅकेटची नोंदच नसते, त्यामुळे ते दारातच अडते. घरातला कॅमेरा बाहेरून थेट बघता येत नाही तो यामुळेच. म्हणून बहुतेक कॅमेरे आपणहून आपल्या उत्पादक कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतात आणि मोबाइलवरचे अ‍ॅप त्या सर्व्हरमार्फत चित्र दाखवते.

आता अनेक नेट कंपन्या हाच प्रकार आपल्या पातळीवर पुन्हा करतात आणि एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला दिसला, तर घर अशाच दुहेरी वाटणीत आहे असे समजावे. मग राउटरमध्ये पोर्ट उघडण्याची कितीही खटपट केली तरी ती बहुधा वाया जाते. यावरचा पक्का उपाय म्हणजे १२८ बिटांचे पत्ते असलेली आयपीची सहावी आवृत्ती. तिच्यात पत्त्यांचा तुटवडा नाही.

‘नेट स्लो आहे’ ही तक्रार कंपनीकडे जाते, पण दोष पुष्कळदा घरातच असतो. आधी आकडा नीट वाचावा: प्लॅनमधला वेग बिटांत आणि डाउनलोडचा आकडा बऱ्याचदा बाइटमध्ये दाखवला जातो. म्हणजे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट मिळाले, तर सगळे ठीक आहे. वायफायच्या दोन नेहमीच्या पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंतींतून लांब जाते, पण तिथे शेजाऱ्यांच्या राउटरांची गर्दी असते आणि मायक्रोवेव्हही त्याच पट्टीत लुडबुडतो. ५ गिगाहर्ट्झवर वेग जास्त मिळतो, मात्र दोन भिंती ओलांडताना तो मार खातो. आपल्याकडे केबलवाला जिथून तार आत घेतो तिथेच, म्हणजे दाराशी किंवा टीव्हीच्या कपाटात, राउटर बसतो. त्या कोपऱ्यातून मागच्या खोलीपर्यंत रेंज पुरत नाही. त्यावर स्वस्तातला रिपीटर लावला, तर रेंज वाढते आणि वेग जवळजवळ निम्मा होतो, कारण एकाच लहरीवर त्याला ऐकायचेही असते आणि बोलायचेही. त्यापेक्षा घराच्या मध्यावर उंचावर राउटर ठेवणे बरे. टीव्ही आणि संगणकाला लॅन केबल ओढणे सर्वांत उत्तम. केबलच्या आठही तारा धड असाव्यात. एक जरी तुटली, तरी गिगाबिटचा वेग अनेकदा १०० एमबीपीएसवर येतो.

राउटर बसवला की दोन पासवर्ड बदलावे लागतात. वायफायचा पासवर्ड बरेच जण बदलतात. सेटिंगच्या पानाचा मात्र कारखान्यातून आलेला तसाच राहतो आणि काही राउटरांवर तो खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. तो आजच बदलावा, आणि पाहुण्यांसाठी राउटरमधले गेस्ट नेटवर्क वेगळे सुरू करावे.